टॉवेल-टोपीची जाहिरात

भीमराज भिंगारदिवे याला 'नाही' म्हणता येत नसे. तो काही मुका नव्हता, तोतराही नव्हता. शब्द त्याला माहीत होता. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून तो बाहेर काढायची वेळ आली, की जीभ टाळ्याला चिकटायची. लहानपणापासून हे असंच. सर्जेपुऱ्यात मेथीची जुडी आणायला धाडलं, तर तो मेथी, दोन मुळे आणि कुणालाच नको असलेला एक दुधी घेऊन घरी यायचा, कारण भाजीवालीनं "घेतोस ना, बाळा?" असं विचारलेलं असायचं. त्याची आई आक्काबाई म्हणायची, "ह्याला बाजारात धाडायचं म्हंजी बाजारच घरी आनायचा."

असा माणूस धंद्यात पडला, याचं नगरमधल्या त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना नवल वाटलं, आणि सगळ्यात जास्त नवल त्याला स्वतःला वाटलं.

तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. यंत्रांची इलेक्ट्रॉनिक पॅनेलं सांभाळायचं काम. कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, ते बंद पडू लागले, आणि पुण्याचा मेकॅनिक यायला आठ-आठ दिवस लावू लागला. तेव्हा भीमराज जेवणाच्या सुट्टीत त्यांची झाकणं उघडून आत बघू लागला. बघता बघता हात बसला. यंत्रांशी त्याचं छान जमायचं. यंत्र कधी "घेतोस ना?" असं विचारत नाही.

त्याची बायको दीपा बालवाडी चालवायची. तिचा स्वभाव अगदी उलटा. ती म्हणाली, "अहो, दुसऱ्यांच्या डब्यांची झाकणं किती दिवस उघडणार? आपलं दुकान काढा." दीपाला नाही म्हणणं तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं. शहाण्णव सालच्या जानेवारीअखेर प्रोफेसर कॉलनी चौकाच्या अलीकडे एक गाळा घेऊन त्यानं पाटी लावली: 'दीपा कॉम्प्युटर्स. येथे कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील.'

कारखान्याचे मॅनेजर साहेब भले गृहस्थ होते. निरोप देताना म्हणाले, "भिंगारदिवे, मे महिनाअखेरपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. नाही जमलं तर लाजू नका, या परत. जमलं तर तसं कळवा, म्हणजे मी दुसरा माणूस घेईन."

म्हणजे हाती चार महिने होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर दुकान राहणार होतं, नाहीतर पुन्हा सकाळची कंपनीची बस. भीमराजाला ती बस नको होती. गाळ्यात बसून, आपल्या नावाची नसली तरी बायकोच्या नावाच्या पाटीखाली, एखादं मेलेलं यंत्र जिवंत करावं, एवढंच त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हवं झालं होतं.

पण गिऱ्हाईक येईना. त्या काळात नगरमध्ये कॉम्प्युटर होते तरी कुणाकडे? पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, एखाददुसरं कॉलेज, टायपिंगचे क्लास. त्यांना कळायला हवं की इथं एक दुरुस्तीवाला आहे. जाहिरातीला पैसे नव्हते. दीपानं पत्रकं छापून आणली. वर मोठ्या अक्षरात 'आपला कॉम्प्युटर आजारी आहे काय?' भीमराज ती घेऊन माळीवाड्याच्या स्टँडवर उभा राहिला. पत्रक देताना माणसाकडे बघावं लागतं, ही गोष्ट त्याच्या तिथं गेल्यावर लक्षात आली. तासाभरानं त्यानं गठ्ठा हळूच एका बाकावर ठेवला आणि तो घरी आला. पुढचे पंधरा दिवस स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्यानं ज्या पुड्या बांधल्या, त्या प्रत्येकीवर 'आपला कॉम्प्युटर आजारी आहे काय?' हा प्रश्न होता.

"वाटली तर गेली ना?" दीपा म्हणाली. "आता स्वतः जा. पतसंस्थेत जाऊन काम मागा."

तो गेला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "खातं उघडायचंय का?" भीमराज तिथून बाहेर आला तेव्हा त्याच्या नावावर पिग्मीचं खातं होतं. त्या दिवसापासून दुकानात रोज नेमानं येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे पिग्मी एजंट.

फेब्रुवारीच्या शेवटी कानिफनाथ आला. कानिफनाथाची साउंड सर्व्हिस होती. भोंगे, अँप्लिफायर, माईक. आणि त्या माईकवर बोलणाराही तोच. नगर ते कर्जत या पट्ट्यातली निम्मी लग्नं त्याच्या आवाजात लागत. तो एक जळका अँप्लिफायर खांद्यावर घेऊन आत शिरला.

"ह्ये करता का?"

हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, असं भीमराजाच्या मनात आलं. तोंडातून आलं, "ठेवा."

अँप्लिफायर वाजू लागला. कानिफनाथ खूष झाला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, दुकानात माशी सुदिक न्हाई तुमच्या. कुनाला ठावं हाय का तुमी हितं बसताय?"

"नाही," दीपाच परस्पर म्हणाली.

"मग जाहिरात मी करतो. फुकटात. लग्नात चेअरमन येत्यात, सरपंच येत्यात, कारखान्याचं डायरेक्टर येत्यात. समदी मांडवात गप बसलेली असत्यात, उठून जाता येत न्हाई. तवा तुमचं नाव पुकारतो. ह्याच्यापरीस झ्याक जाहिरात मुंबईला तरी हाय का?"

"वा!" दीपा म्हणाली.

"फकस्त येक हाय. मानूस हजर पायजे. हजर नसलेल्याचं नाव घेतलं, तर ज्याचं राहिलं तो भांडतो. तुमी यायचं. आहेराला येक वाटी आना स्टीलची."

"बोलावलं नसताना?" भीमराजानं घाबरून विचारलं.

"मी बोलावतोय न्हवं! मांडवात माईक ज्याच्या हातात, त्यो मांडवाचा मालक."

भीमराजाचं स्वतःचं लग्न बुद्धवंदना, दोन हार आणि साधं जेवण एवढ्यात उरकलेलं. त्यामुळे मोठ्या लग्नातल्या मानपानाची त्याला काही कल्पना नव्हती. पहिलं लग्न मिरजगावचं. तो स्टीलची वाटी खिशात घालून मांडवाच्या टोकाला, डांबाला टेकून उभा राहिला. आणि भोंगा गरजला.

"आपल्या कार्याला शोभा आणण्यासाठी नगरहून खास वेळ काढून आलेले, कॉम्प्युटर क्षेत्रातलं थोर नाव, प्रोफेसर कॉलनी चौकातले सुप्रसिद्ध कॉम्प्युटर दुरुस्तीकार, सन्माननीय भीमराजजी भिंगारदिवे साहेब यांचं दोन्ही परिवारांच्या वतीनं हार्दिक स्वागत! यजमानांना विनंती, साहेबांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करावा!"

पाचशे माना वळल्या. पळावं म्हणून भीमराज मागे सरला तर मागे कनात. दोघा जणांनी त्याला दंडाला धरून स्टेजवरच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. संकोचानं त्याचा चेहरा इतका ओढला गेला की तो रागावल्यासारखा दिसू लागला.

हे वधूपित्यानं पाहिलं. नवऱ्याकडचा कुणी मोठा पाहुणा रुसला! तो धावत आला.

"साहेब, काय चुकलं का आमचं?"

भीमराजानं घाईनं मान हलवली. पण ती धड होकारासारखीही हलली नाही आणि नकारासारखीही नाही.

"टॉवेल पसंत नाही का? आरं, फेटा आणा साहेबांना!"

टोपी गेली, फेटा आला. दुसरा टॉवेल आला. वधूचा मामा वारा घालू लागला. तिकडे नवऱ्याचा बाप मनात म्हणाला, मुलीकडच्यांनी ज्याला एवढा मान दिला, त्याला आपण कमी कसा द्यायचा? त्यानं तिसरा टॉवेल पाठवला. पंगतीत तर कहरच झाला. बुंदी वाढणारा "घ्या साहेब" म्हणायचा आणि भीमराज घ्यायचा. रात्री तो घरी पोचला तेव्हा त्याला धड वाकताही येत नव्हतं.

"आलं का गिऱ्हाईक?" दीपानं विचारलं.

"टॉवेल आले," तो म्हणाला.

मग कर्जत झालं, राशीन झालं, श्रीगोंदा झालं. उन्हाळा चढत गेला तशी लग्नंही चढत गेली. कानिफनाथ रंगात आला की भीमराजाला एकेक पदवी वाढवून द्यायचा. एका ठिकाणी तर तो 'अमेरिकेचं बोलावणं नाकारून नगरलाच राहिलेला' झाला. दुकानातल्या सुट्या भागांवर आता टॉवेल पांघरलेले होते. कॉम्प्युटर मात्र एकही आला नव्हता.

एप्रिलात एका दुपारी मिरजगावच्या एसटीतून उतरून मनकर्णाबाई विचारत विचारत दुकानात आली. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, काखेत पिशवी.

"लग्नात नाव पुकारत्यात ते कॉम्प्युटरवाले तुमीच का?"

भीमराज ताडकन उभा राहिला. "हो. या मावशी. काय बिघडलंय?"

"बिघडलं न्हाई. जुळत न्हाई." तिनं पिशवीतून गुंडाळलेली जन्मपत्रिका काढली. "माज्या लेकीची. चांगलं स्थळ बघा कॉम्प्युटरात."

"मावशी, इथं कॉम्प्युटर दुरुस्त होतात."

"व्हय की! चितळे रोडला येक जन कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून देतो. त्याचा कॉम्प्युटर बिघडला तर त्यो कुनाकडं जानार? तुमच्याकडंच ना? मग मधला मानूस कशापायी?"

भीमराजानं पत्रिका तिच्याकडे परत सरकवली. तो म्हणाला, "मी पत्रिका मानत नाही हो. आमच्याकडं बघत नाहीत."

"तुमी कशाला मानायला पायजे? कॉम्प्युटर मानतो न्हवं?"

कोपऱ्यात तक्ते रंगवत बसलेल्या दीपाला हसू आवरेना. भीमराज गोंधळला, आणि गोंधळला की नेहमी करायचा तेच त्यानं केलं. समोरच्या बाईऐवजी टेबलावरच्या मॉनिटरकडे बघू लागला. तो मॉनिटर जुन्या बाजारातून आणल्यापासून बंद होता. त्याचा एक भाग पुण्याहून यायचा होता. बंद काचेकडे एकटक बघत, काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "मुलगी शिकली किती?"

"डी.एड. झालीया. हुंडा मागनारा नको."

आणि भीमराजाला एकदम कर्जतच्या पंगतीतला मास्तर आठवला. शेजारीच बसला होता. भीमराजाच्या ताटात चौथ्यांदा बुंदी पडायला लागली, तेव्हा त्या मास्तरानं आपला हात आडवा घालून "त्यांना नकोय, दिसत नाही का?" असं वाढप्याला बजावलं होतं. मग गप्पांत म्हणाला होता, घरी सांगून टाकलंय, हुंडा घेऊन लग्न करणार नाही. असा माणूस विसरणं भीमराजाला शक्य नव्हतं. त्यानं काचेवरची नजर न काढता मास्तराचं नाव, गाव, शाळा, सगळं सांगितलं.

मनकर्णाबाई उठली. तिनं आधी मॉनिटरला नमस्कार केला, मग भीमराजाला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते लग्न ठरलं, आणि मिरजगावच्या पंचक्रोशीत बातमी फिरली ती अशी: नगरला एक कॉम्प्युटर आहे, त्याला पत्रिका दाखवावी पण लागत नाही, मुलीचं शिक्षण सांगितलं की तो मुलाचा पत्ता देतो.

बायकांची रीघ लागली. भीमराज प्रत्येकीला सांगायचा की हे असलं काही नसतं. सांगताना अर्थात मॉनिटरकडे बघायचा. मग बाई केविलवाणी व्हायची, त्याला वाईट वाटायचं, आणि इतक्या लग्नांत जेवल्यामुळे कुणी ना कुणी आठवायचंच. पैसे तो घेत नव्हता. बायका कुरडया, पापड, सांडगे ठेवून जायच्या. दुकानाला वाणसामानाचा वास येऊ लागला.

"दुकान जोरात आहे," पिग्मी एजंट म्हणाला.

"कॉम्प्युटर कुठं येतायत?" भीमराज म्हणाला. "महिना संपत आला. मला परत जावं लागणार."

दीपानं त्या रात्री त्याचा कंपनीचा जुना डबा घासून ठेवला. त्यामुळे तो जास्त घाबरला.

शेवटच्या आठवड्यात दारात जीप थांबली. पांढऱ्या कपड्यातले, भरघोस मिशांचे श्रीमंत आण्णा आत आले. मिरजगावच्या पुढच्या एका गावातल्या पतसंस्थेचे ते चेअरमन. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"साहेब, एक नाजूक काम आहे. आमच्या पोरीला स्थळ आलंय. पोरगा चांगला, घर चांगलं, पोरीलाही पसंत. आडलंय एकाच ठिकाणी. आमच्या मातोश्री, दगडाबाई. त्या म्हणतात, नगरचा कॉम्प्युटर हो म्हणाला तरच अक्षता. बाहेर जीपमध्ये बसल्यात. तुम्ही एक कागद छापून द्या. वर गणपती, खाली छत्तीस गुण."

"पण आण्णा..."

"पुढचं ऐका. आमच्या संस्थेत पाच कॉम्प्युटर आहेत. दोन महिने झाले, सगळे बंद. पुण्याचा माणूस येतो येतो म्हणतो. ते सगळं काम तुमचं. कायमचं. आणि शेजारच्या दोन संस्थांचं मी बोलतो."

 पाच कॉम्प्युटर! चार महिने ज्याची वाट बघितली ते खुर्ची ओढून समोर बसलं होतं, आणि मागत काय होतं, तर एक कागद. दुकानातला प्रिंटर चालू होता, एखादा मॉनिटर मागून आणला की झालं. 'हो' हा शब्द तर त्याला जन्मापासून येत होता.

त्यानं मॉनिटरकडे पाहिलं. काळ्या काचेत त्याचाच चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं मान वळवली, श्रीमंत आण्णांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

"काय?"

"नाही. ते नाही करणार."

दीपाच्या हातातला ब्रश तक्त्यावर पडला आणि बालवाडीच्या 'ब बदकाचा' मधलं बदक लाल झालं. लग्नाला सात वर्षं झाली होती. हा शब्द तिनं त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला होता.

तेवढ्यात जीपमध्ये उकडतंय म्हणून काठी टेकत दगडाबाईच आत आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण आवाज खणखणीत.

"काय म्हनतोय कॉम्प्युटर?"

एकदा नाही म्हणून झाल्यामुळे भीमराजाला धीर आला होता. तो म्हणाला, "आजी, कॉम्प्युटर बंद आहे."

"कवापास्नं?"

"आणल्यापासून. आणि चालू असता तरी त्याला लग्नातलं काही कळलं नसतं. बायकांना जी स्थळं सांगितली, ती मी सांगितली. लग्नात जेवताना पाहिलेली माणसं. दुसरं काही नाही."

श्रीमंत आण्णांनी कपाळाला हात लावला. दगडाबाईंनी काठीवर हनुवटी टेकली.

"मंग आमच्या नातीला आलेलं पोरगं बघितलंय का तू? शेवगावाकडचं. उंच हाय, कपाळाला खोक हाय."

भीमराजाला तो खरंच आठवत होता. "राशीनच्या लग्नात वाढत होता. शेवटच्या पंगतीला वरण संपलं. त्यानं पाहुण्यांना कळू दिलं नाही. सगळ्यांना पुरवलं आणि स्वतः मागं बसून ताकाबरोबर नुसता भात खाल्ला."

दगडाबाई मुलाकडे वळल्या. "श्रीमंता, तारीक धर."

श्रीमंत आण्णांचा जीव भांड्यात पडला. पण दगडाबाई अजून मॉनिटरकडेच बघत होत्या.

"बंद हाय म्हनतोस?"

"बंद आहे, आजी."

"बंद असून येवढं सांगितलं. चालू असता तर किती सांगितलं असतं!"

"आजी, ते मी सांगितलं!"

"तूच सांगितलंस. मी कुटं न्हाई म्हनते? पन त्याच्याकडं बघून सांगितलंस." आणि काठी टेकत त्या जीपकडे निघाल्या.

श्रीमंत आण्णा दारात घुटमळले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, तुमचा एक बंद आहे, तर एवढं बोलतोय. आमचे पाच बंद आहेत, ते एक अक्षर बोलत नाहीत. उद्या सकाळी या. जीप पाठवतो."

दुसऱ्या दिवशी भीमराज पतसंस्थेत पोचला. पहिल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. दसऱ्याला कर्मचाऱ्यांनी मनोभावे पूजा केली होती. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि कार्डांवर हळदीकुंकवाचा थर होता. एका कोपऱ्यात उंदरानं घर थाटलं होतं, त्यासाठी त्यानं वायरी कुरतडल्या होत्या. भीमराजाला गहिवरून आलं. त्यानं बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत पडदा उजळला, प्रिंटर कर्रर्र करत चालू झाला, आणि सगळा स्टाफ हातातलं काम टाकून बघायला आला.

श्रीमंत आण्णा म्हणाले, "झकास! बाकीचे चार आणि वर्षभराचं काम, ठरलं म्हणून समजा."

भीमराज म्हणाला, "एक फोन करू का?"

त्यानं कारखान्यात मॅनेजर साहेबांना फोन लावला. महिना संपायला दोन दिवस होते. इतका चांगला माणूस, त्यानं चार महिने जागा अडवून ठेवलेली, आणि आपण आता त्याला नकार द्यायचा. 

"साहेब, मी भिंगारदिवे. मला... माफ करा, पण मी परत येणार नाही. जागा नको मला."

 मग साहेब म्हणाले, "कुठली जागा?"

"माझी. तुम्ही धरून ठेवलेली."

"अहो, ती मी एप्रिलातच भरली! आमच्या साडूच्या मुलीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेलो होतो. बघतो तर तुम्ही सोफ्यावर. डोक्याला फेटा, एक जण वारा घालतोय, भोंग्यावर अमेरिका अमेरिका चाललंय. म्हटलं, हा माणूस आता काही आपल्या पॅनेलला हात लावत नाही."

"मग साहेब, कळवलं का नाही?"

"भेटायला आलो होतो स्टेजवर. पण तुमचा चेहरा इतका रागावलेला होता, की माझी हिंमत झाली नाही."

भीमराजानं रिसीव्हर ठेवला आणि जवळच्या स्टुलावर बसला. म्हणजे गेला दीड महिना आपल्या पायाखाली काहीच नव्हतं. काल त्या कागदाला नाही म्हणताना, अडीनडीला नागापूर आहे असं मनात कुठंतरी होतं, आणि तेही नव्हतं. 

"साहेब, बरं वाटत नाही का?" क्लार्कनं विचारलं. "चहा मागवू? सोबत बुंदी हाय, कालच्या साखरपुड्याची."

"बुंदी नको," भीमराज पटकन म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पाणी द्या. आणि ते दुसरं मशीन सरकवा इकडं."